ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरचे पेपर किती आहेत, आणि ते वाचायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे एक गृहस्थ, धाकट्या बहिणीला एएमएल, म्हणजे रक्ताचा एक वेगाने वाढणारा कॅन्सर, किमो होऊन ती पहिल्या रेमिशनमध्ये आली आहे, म्हणजे आजार सध्या दिसत नाही, आणि आता ॲलोजेनिक ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल घालायचा उपचार, सांगितलाय. मुंबईत दोन ठिकाणी ओपिनियन घेतलं. एका डॉक्टरच्या नावावर नेटवर पावणेदोनशे पेपर दिसतात, दुसऱ्याच्या नावावर जेमतेम पंधरा. घरात दोन तट पडलेत. पेपर जास्त म्हणजे अनुभव जास्त असं धरायचं का, आणि डॉक्टर नसलेल्या माणसाने ही यादी वाचायची कशी, असं त्यांनी विचारलंय.

मी मुंबईत याच कामात बरीच वर्षं आहे, ट्रान्सप्लांट केलेत, पेपर लिहिलेत, दुसऱ्यांचे तपासलेतही. तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त पावणेदोनशे की पंधरा यावरून काहीच ठरत नाही. मी स्वतः कोणाचीही यादी उघडली की एकच गोष्ट शोधतो, या माणसाने आपलेच पेशंट वर्षानुवर्षं मोजलेत का, आणि त्यात गेलेले पेशंटपण धरलेत का. बाकी सगळं त्यानंतर.

आधी तो पावणेदोनशेचा आकडा खरा आहे का ते बघा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, नाव आडनाव आणि आद्याक्षर असं जातं. आता समजा डॉक्टरांचं आडनाव कुलकर्णी आणि नाव एस वरून, तर कुलकर्णी एस टाकल्यावर दातांचे डॉक्टर, फार्मसीवाले, केमिस्ट्रीतले कोणी, अमेरिकेत स्थायिक झालेले कोणी, असे जगभरातले सगळे कुलकर्णी एका रांगेत उभे राहतात. पाटील, शहा, जोशी, तीच कथा. बायकांच्या बाबतीत उलटं होतं, लग्नाआधीचं आडनाव वेगळं असलं तर अर्धं काम यादीत दिसतच नाही, त्यामुळे एखाद्या मॅडमचे पेपर कमी दिसले की लगेच नाक मुरडू नका. गूगल स्कॉलरवर तर प्रोफाइल ज्याचं त्याने साफ ठेवलं नाही तर दुसऱ्याचेही पेपर येऊन बसतात. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किड नावाचा सोळा आकडी नंबर २०१२ पासून मिळतो, तो असला तर काम सोपं. नाहीतर नावाबरोबर हॉस्पिटलचं नाव आणि ट्रान्सप्लांट हा शब्द टाकून शोधा, पावणेदोनशेचे साठ झाले तर दचकू नका, ते नॉर्मल आहे.

मग जे उरलं त्यात काय काय आहे ते बघायचं. आमच्या क्षेत्रात दर डिसेंबरला अमेरिकन हेमॅटॉलॉजी सोसायटीची मोठी कॉन्फरन्स असते, तिथले ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचे छोटे गोषवारे, ब्लड या जर्नलच्या पुरवणीत छापून येतात. पबमेडवर ते येत नाहीत पण गूगल स्कॉलरवर येतात. म्हणजे एकच काम डिसेंबरला तिथे, पुढच्या वसंतात युरोपच्या कॉन्फरन्सला थोडे पेशंट वाढवून, आणि नशीब असेल तर दोन वर्षांनी पूर्ण पेपर म्हणून, असं तीनदा मोजलं जातं. यात फसवणूक काही नाही, रीतच आहे. पण ॲबस्ट्रॅक्ट आहे आणि त्याचा पूर्ण पेपर पाच-सहा वर्षांतही आलेला नाही असं वारंवार दिसलं तर मी कान टवकारतो. बऱ्याचदा कारण साधं असतं, फेलो, म्हणजे शिकायला आलेला डॉक्टर, कोर्स संपवून गेला आणि लिहायचं राहिलं. कधीकधी मात्र पुढे रिझल्ट तेवढे चांगले राहिले नाहीत म्हणूनही राहतं.

केस रिपोर्टला लोक हसतात. मी नाही हसत. पांढऱ्या पेशींचे काउंट शून्यावर असताना एखादी विचित्र बुरशी फुप्फुसात सापडली आणि ती कशी ओळखली हे कोणी दोन पानांत लिहिलं असेल तर ते रात्री दोन वाजता रेसिडेंटला उपयोगी पडतं. पण यादीत नुसते केस रिपोर्ट आणि रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचे आढावे, असतील आणि स्वतःच्या सेंटरच्या पेशंटची सिरीज एकही नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या यादीत नाही असं समजा.

लेखकांचा क्रम हा पुढचा भाग. पहिलं नाव म्हणजे ज्याने प्रत्यक्ष काम ओढलं तो, बहुतेक वेळा ज्युनियर. शेवटचं नाव म्हणजे ज्याच्या युनिटमध्ये आणि ज्याच्या डोक्यातून ते आलं तो. मधली नावं म्हणजे मदत, आणि मदत या शब्दात सगळं येतं, अगदी खरंखुरं कामपण आणि एचओडी आहेत म्हणून टाकलेलं नावपण. मेडिकल कॉलेजमध्ये प्रमोशनला पेपर लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर अजून काय बोलायचं.

पण ट्रान्सप्लांटमध्ये मधल्या नावांची एक वेगळी भानगड आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय मोठ्या याद्या वाचताच येत नाहीत. एका सेंटरमध्ये एका आजाराचे, एका वयाचे, एकाच प्रकारच्या डोनरचे पेशंट असून असून किती असणार, त्यामुळे या शाखेत फार आधीपासून सगळ्यांनी आकडे एकत्र करायची सवय लावून घेतली. मॉर्टिमर बॉर्टिन नावाच्या डॉक्टरने १९७० साली तोपर्यंत जगात छापून आलेले २०३ ट्रान्सप्लांट एका जागी मांडले, जवळपास सगळे फसलेले. त्यानंतर १९७२ मध्ये मिलवॉकीला आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री, म्हणजे पेशंटची सामाईक नोंदवही, सुरू झाली, तीच २००४ मध्ये अमेरिकेच्या डोनर प्रोग्रॅमबरोबर मिळून सीआयबीएमटीआर झाली. युरोपची तशीच रजिस्ट्री ईबीएमटी, १९७४ ची. या रजिस्ट्रीतून पेपर निघतात तेव्हा लेखक वीस-पंचवीस, कधी चाळीस, आणि युरोपात तर ज्या सेंटरने जास्त पेशंट दिले त्यांचं नाव लागतं ही जुनी पद्धत. त्यामुळे एखाद्याच्या यादीत असे साठ-सत्तर पेपर असले तर त्याने साठ प्रश्न स्वतः सोडवले असं नाही. मात्र त्याचं सेंटर नेमाने डेटा भरतं एवढं त्यातून नक्की कळतं, आणि माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. शंभराव्या दिवशी फॉर्म, सहा महिन्यांनी फॉर्म, वर्षाने फॉर्म, मग दरवर्षी एक, पेशंट जगात असेपर्यंत. हे सगळं करणारी डेटा मॅनेजर मुलगी एका कोपऱ्यातल्या टेबलावर फोन कानाला लावून बसलेली असते, बीडला लावलेला नंबर बंद, मग फाइलमधला मामाचा नंबर, मग गावातल्या मेडिकलवाल्याचा नंबर, की बाबा ती मुलगी आहे का, बरी आहे का, औषधं चालू आहेत का, अंगावर पुरळ वगैरे. तिचं नाव लेखकांत नसतं. शेवटी आभारात आलं तर आलं.

एच-इंडेक्सचं पण यावरूनच कळेल. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये तो काढला, चाळीस असेल तर किमान चाळीस पेपर प्रत्येकी चाळीसदा तरी दुसऱ्यांनी उद्धृत केलेत एवढाच अर्थ. रजिस्ट्रीचे पेपर आणि गाइडलाइनचे पेपर सगळेच उद्धृत करतात, त्यात मध्ये कुठेतरी नाव असलं की हा आकडा आपोआप चढतो. तुमच्या बहिणीच्या खोलीत कोण राउंडला येणार याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता यादी चांगली म्हणजे कशी, ते एका माणसाच्या उदाहरणाने सांगतो कारण या सगळ्या शाखेची सुरुवातच तिथून आहे. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पहिला मोठा पेपर छापला. सहा पेशंट, रेडिएशन आणि किमो देऊन दुसऱ्याचा मॅरो, म्हणजे हाडातला मगज, शिरेतून सोडला. दोघांच्यात थोडे दिवस डोनरच्या पेशी टिकल्या. शंभर दिवसांच्या पुढे एकही पेशंट जगला नाही. हे त्यांनी छापलं. एचएलए, म्हणजे डोनर जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, हा प्रकार तेव्हा माहीतच नव्हता, फ्रान्सच्या दोसे यांनी त्यातला पहिला अँटिजन १९५८ मध्ये दाखवला. मग थॉमस कितीतरी वर्षं कुत्र्यांवर काम करत बसले, आणि त्यांची त्या काळातली यादी बघितली तर माणसांचे पेपर आटलेले दिसतात, आजचा एखादा हिशेबनीस म्हणेल प्रॉडक्टिव्हिटी गेली. प्रत्यक्षात मॅचिंग कसं करायचं, जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींचा पेशंटच्या अंगावर होणारा हल्ला, कशी आवरायची हे सगळं त्याच काळात तयार झालं. १९७७ मध्ये ब्लड जर्नलला त्यांचा शंभर पेशंटचा पेपर आला. सगळे हाताबाहेर गेलेल्या ॲक्यूट ल्युकेमियाचे, सख्ख्या मॅच भावंडांचा मॅरो. शंभरातले तेरा आजाराशिवाय जिवंत. तेरा! आज कोणी असा रिझल्ट घेऊन कॉन्फरन्सला उभं राहणार नाही. पण ते शंभर ओळीने घेतलेले होते, कोणाला गाळलेलं नव्हतं, आणि त्या तेरांवरून त्यांनी पुढचा प्रश्न काढला की आजार इतका पसरायची वाट का बघायची, आधीच केलं तर? १९७९ चा पेपर एएमएलच्या पहिल्या रेमिशनमधल्या ट्रान्सप्लांटचा आहे. तुमच्या बहिणीला पहिल्या रेमिशनमध्येच करा असं जे सांगितलंय ना, त्याचं मूळ त्या तेरांमध्ये आहे. १९९० ला नोबेल मिळालं. त्यांच्या पत्नी डॉटी थॉमस सगळे पेपर तपासायच्या, डेटा सांभाळायच्या, युनिट चालवायच्या, त्यांना नोबेल नाही.

आपल्या मुंबईचंही सांगायला हवं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ मध्ये देशातला पहिला ॲलोजेनिक ट्रान्सप्लांट केला, परळच्या त्याच गर्दीत. आता टाटाचं ते युनिट खारघरला ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे. बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासून रक्त कमी बनणाऱ्या, मुलांसाठी ट्रान्सप्लांट सेंटर आहे, हे अजूनही पुष्कळ मुंबईकरांना माहीत नसतं. तमिळनाडूत वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलला १९८६ मध्ये ट्रान्सप्लांट सुरू झाले, आणि यादी वाचायची कशी हे शिकायला वेल्लोरचं थॅलेसेमियाचं काम उत्तम आहे. इटलीत पेसारोच्या लुकारेली यांनी थॅलेसेमियाच्या मुलांचे तीन वर्ग पाडले, लिव्हर किती वाढलंय, त्यात फायब्रोसिस आहे का, रक्त चढवून साठलेलं लोह काढायची औषधं नीट घेतली का, यावरून. तिसऱ्या वर्गाचा रिझल्ट वाईट. आपल्याकडे बहुतेक मुलं तिसऱ्याच वर्गात, मग त्या वर्गीकरणाचा आपल्याला उपयोग काय? वेल्लोरवाल्यांनी आपलीच मुलं मोजली आणि २००७ मध्ये दाखवलं की तिसऱ्या वर्गातही सात वर्षं किंवा वर वय आणि लिव्हर पाच सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेलं, अशी मुलं खरी धोक्यातली, बाकीच्यांचं बरं चालतं. मग त्या धोक्यातल्या मुलांसाठी कंडिशनिंगची, म्हणजे ट्रान्सप्लांटआधी द्यायची, औषधं बदलून बघितली, आणि तेही छापलं. हा धागा. एक त्रास दिसला, तो मोजला, काहीतरी बदललं, परत मोजलं. यादीत असं तीन-चार पेपरचं एक सूत दिसलं की मी त्या युनिटवर विश्वास ठेवतो, मग एकूण पेपर वीस असोत.

उलट उदाहरणही सांगतो कारण ते विसरता कामा नये. दक्षिण आफ्रिकेत बेझवोदा नावाचे नावाजलेले डॉक्टर होते. ब्रेस्ट कॅन्सरला जबरदस्त डोसची किमो आणि मागून पेशंटच्याच स्टेम सेल, याने फायदा होतो असा त्यांचा १९९५ चा पेपर, पुढे १९९९ ला अमेरिकेच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये परत तसाच दावा. त्याच कॉन्फरन्सला बाकीच्यांच्या ट्रायलमध्ये फायदा दिसत नव्हता, यांच्या एकट्याच्यात दिसत होता. म्हणून २००० साली अमेरिकेहून टीम जोहान्सबर्गला गेली, फाइली उघडल्या, आणि कित्येक पेशंटच्या फाइलीच सापडेनात, ज्या औषधांशी तुलना केली म्हणून लिहिलं होतं ती दिलेलीच नव्हती. विद्यापीठाने काढून टाकलं, १९९५ चा पेपर पुढे मागे घेतला गेला. तोपर्यंत जगभरात हजारो बायकांनी तो उपचार घेतला होता. तेव्हा पेपर मोठ्या जर्नलमध्ये आहे एवढ्यावर कोणी तुम्हाला गप्प बसवत असेल तर बसू नका, दुसऱ्या कोणाला तसंच मिळालंय का हे विचारायचं. पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक अक्षरात तसं लिहून येतं, नजर टाकायला मिनिट लागत नाही.

आता तुम्ही स्वतः काय करायचं. दोन्ही डॉक्टरांच्या यादीतून त्यांच्याच सेंटरचा, एएमएलचा किंवा निदान ल्युकेमियाचा एखादा पेपर काढा. पूर्ण फुकट मिळाला तर छान, नाहीतर गोषवारा तरी मिळतोच. आत एक ग्राफ असेल, वरून खाली पायऱ्या उतरत जाणारा, त्याला कॅप्लान-मायर म्हणतात. सगळे वरची रेघ बघतात, तीन वर्षांला साठ टक्के वगैरे. तुम्ही ग्राफच्या खाली बारीक अक्षरात आकड्यांची ओळ आहे का ते बघा, त्या त्या वेळेला किती पेशंट मोजणीत शिल्लक होते त्याची. समजा सुरुवातीला ६०, वर्षाने ३१, दोन वर्षांनी १२, तीन वर्षांनी ४. मग ते तीन वर्षांचं साठ टक्के चार माणसांच्या जिवावर उभं आहे. बाकीचे गेले कुठे? काही वारले, ते पायऱ्यांत दिसतात. काहींचा ट्रान्सप्लांटच अलीकडचा, त्यांची तीन वर्षं व्हायचीत. आणि काही फॉलोअपला यायचे बंद झाले. गणित असं धरतं की न आलेल्यांचं बाकीच्यांसारखंच चाललं असेल. आपल्याकडे तसं नसतं हो. जालन्याचा माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली खोली सोडून सहाव्या महिन्यात गावी जातो, टॅक्रोलिमसचे, म्हणजे जीव्हीएचडी आवरणाऱ्या औषधाचे, पैसे संपतात, जुलाब सुरू होतात, तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावतात आणि तिथेच संपतो. पेपरमध्ये तो शेवटच्या व्हिजिटला जिवंत असतो. म्हणून किती पेशंट फॉलोअपमधून सुटले हे ज्याने स्पष्ट लिहिलंय, त्याचे ५५ टक्के मी दुसऱ्याच्या ७० पेक्षा वर धरतो.

आणि छेदात कोण आहे तेही. ट्रान्सप्लांट झालेल्यांचे रिझल्ट छापतात, ठरवलेल्यांचे नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक, ट्रस्टची पत्रं अशा फाइली फिरवता फिरवता ज्यांचा आजार परत आला ते कुठल्याच ग्राफमध्ये नसतात. त्यामुळे ट्रान्सप्लांट केलेले आणि नुसती किमो घेतलेले अशी सरळ तुलना कोणी केली असेल तर ती आपोआप ट्रान्सप्लांटच्या बाजूने झुकते, कारण ट्रान्सप्लांटपर्यंत पोहोचायलाच काही महिने धड असावं लागतं.

मृत्यूंची कारणं दिलीत का? भारतातल्या सेंटरच्या पेपरमध्ये इन्फेक्शनचा परिच्छेद मला हवाच असतो, आणि त्यात औषधांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला वगैरे जंतूंचा उल्लेख हवा. हा त्रास इथे सगळ्यांना आहे. ज्याच्या पेपरात तो नाहीच, त्याने एकतर फार निवडक पेशंट घेतलेत किंवा लिहिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की एक डॉक्टर हाफ मॅचला, म्हणजे एचएलए निम्मंच जुळणाऱ्या घरच्या डोनरला, तयार आहेत आणि दुसरे म्हणतात की फुल मॅच नसेल तर थांबू. इथे पेपर खरोखर कामाला येतात. हाफ मॅच ट्रान्सप्लांट आज जो सर्रास होतो तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांच्या कामामुळे. २००१ मध्ये उंदरांवर, पुढच्याच वर्षी मोजक्या पेशंटवर, २००८ मध्ये ६८ पेशंटचा पेपर, आणि युक्ती दिसायला साधी, स्टेम सेल दिल्यावर तिसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं, म्हणजे खवळलेल्या टी-सेल, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मारल्या जातात आणि स्टेम सेल वाचतात. हे औषध जुनं आणि स्वस्त, आपल्याकडे घरं लहान होत चाललेली, रजिस्ट्रीत भारतीय डोनर कमी, त्यामुळे इथे ते पटकन रुजलं. पुढे २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये मोठी चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल आली, तीही मॅच डोनरच्या पेशंटमध्ये आणि हलक्या कंडिशनिंगनंतर. वर्षभर जिवंत, आजार परत नाही आणि जीव्हीएचडीचा मोठा त्रासही नाही असे पेशंट या औषधाच्या बाजूला सुमारे ५३ टक्के निघाले, जुन्या पद्धतीत ३५. उंदीर ते इथपर्यंत वीसेक वर्षं. तर तुमच्या डॉक्टरांना विचारा की तुमच्याकडे हाफ मॅच किती झालेत आणि त्यांचं पुढे काय झालं. त्यांनी ते छापलं नसेल तरी चालेल, तोंडी आकडा यायला हवा, आणि तो यायला फार वेळ लागायला नको.

तसाच एक प्रश्न स्टेम सेल कुठून घेणार याचा, मॅरोतून की हातातल्या शिरेच्या रक्तातून. बाहेरच्या अनोळखी डोनरच्या बाबतीत २०१२ ची मोठी ट्रायल आहे, जगण्यात खास फरक नाही, पण रक्तातून घेतल्यावर जुनाट जीव्हीएचडी ५३ टक्के आणि मॅरोतून ४१, उलट ग्राफ्ट, म्हणजे डोनरच्या पेशी, न धरण्याचं प्रमाण रक्तात ३ टक्के आणि मॅरोत ९. तरी इथे बहुतेक सगळे रक्तातूनच घेतात, कारण ऑपरेशन थिएटर लागत नाही, काउंट लवकर येतात आणि इन्फेक्शनच्या भीतीने आम्हाला काउंट लवकर यायला हवे असतात. असा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर दोन्ही बाजू सांगतात की वैतागतात, यावरून मला पंधरा पेपरांपेक्षा जास्त कळतं.

पंधरा पेपरवाल्यांबद्दल. प्रायव्हेटमध्ये फेलो दोन, कधी एकही नाही, सकाळी ओपीडी, दुपारी इन्शुरन्सवाल्यांशी भांडण, लिहिणार कधी? त्या पंधरात दोन जरी त्यांच्याच युनिटच्या ओळीने केलेल्या पेशंटचे असतील, शेवटचं नाव त्यांचं असेल आणि मधे तीन-चार वर्षांचं अंतर ठेवून तीच मंडळी परत मोजलेली असतील, तर मी बिनदिक्कत जाईन. आणि पावणेदोनशेवाल्यांच्या बाबतीत हे विचारा की ते स्वतः वॉर्डात असतात का महिन्यातले पंधरा दिवस कॉन्फरन्सला, कारण डे झिरो, म्हणजे स्टेम सेल दिल्याचा दिवस, त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ताप चढतो तेव्हा पेपर नाही, तिथली सिस्टर आणि रात्रीचा रेसिडेंट कामाला येतो. सिस्टर किती वर्षं त्याच युनिटला आहेत हेही विचारा. रात्री प्लेटलेट कुठून येतात, आयसीयू त्याच इमारतीत आहे का.

अमेरिकेत सेंटरवार एक वर्षाचं जगण्याचं प्रमाण कायद्याने जाहीर करावं लागतं, पेशंट किती आजारी होते याचा हिशेब लावून. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून तुम्हाला तोंडाने विचारणं भाग आहे. विचारताना असं विचारा, मागच्या तीन वर्षांत एएमएलचे पहिल्या रेमिशनमधले किती केलेत, त्यातले शंभर दिवसांत किती गेले, वर्षाने किती आहेत, रीलॅप्स, म्हणजे आजार परत आला असे, किती. टक्क्यात सांगितलं तर किती पैकी किती ते विचारा. कोणी चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

हे सगळं दोन संध्याकाळी होतं, त्यापेक्षा जास्त वेळ यात घालवू नका कारण रेमिशन थांबून राहत नाही. त्याआधी तुमचं आणि बाकी सख्ख्या भावंडांचं एचएलए टायपिंग या आठवड्यात करून टाका. प्रत्येक भावंड पूर्ण मॅच असायची शक्यता चारात एक, हाफ मॅच असायची दोनात एक. हाफ मॅचवर गेलात तर तिच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ही टेस्ट आधी मागून घ्या, बाळंतपण झालेल्या आणि खूप रक्त चढवलेल्या बायकांत त्या सापडतात आणि मग ग्राफ्ट धरत नाही. आणि याच अँटिबॉडी टाळायच्या म्हणून, हॉस्पिटलने रिप्लेसमेंटसाठी रक्तदाते आणायला सांगितले तर मित्र, ऑफिसातले, मंडळातली पोरं न्या, घरचं कोणी रक्त देणार असेल तर ब्लड बँकेला स्पष्ट सांगा की ही बाटली हिला लावायची नाही, हिचा ट्रान्सप्लांट ठरतोय.